दोन रुपयांच्या शेअरचे अर्थशास्त्र

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील पहिली पाळी सुटली की त्र्यंबक रस्त्यालगतच्या चहाच्या टपऱ्यांवर जी गर्दी जमते, तिच्या बोलण्याचे विषय गेल्या काही वर्षांत बदलले आहेत. बोनसचा आकडा, युनियनचा रखडलेला करार, कंत्राटी कामगारांचा प्रश्न आणि गावाकडच्या द्राक्षांचे भाव हे विषय आजही निघतातच. पण त्यांच्या बरोबरीने आता शेअरचा भाव निघतो. आणि तोही ज्या कारखान्यांच्या भिंतींना टेकून ही मंडळी चहा पितात त्या कारखान्यांच्या शेअरचा नव्हे. बोलणे चालते ते दोन, पाच, आठ रुपयांना मिळणाऱ्या शेअरविषयी.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अशाच एका टपरीवर जो वाद रंगला होता त्याचा प्रस्तुत लेखक साक्षीदार होता, आणि दुर्दैवाने पंचही. वादाचा विषय होता पुण्याची सुझलॉन एनर्जी ही पवनचक्क्या बनविणारी कंपनी. १ ऑक्टोबर रोजी तिचे संस्थापक तुलसी तांती यांचे हृदयविकाराने निधन झाले होते. अवघ्या दहा दिवसांनी कंपनी १,२०० कोटी रुपयांच्या हक्कभागांची विक्री सुरू करणार होती. जुन्या भागधारकांना दर एकवीस शेअरमागे पाच नवे शेअर, प्रत्येकी पाच रुपयांना. बाजारात तेव्हा भाव सात-आठ रुपये होता. प्रश्न सरळ होता : भरायचे की नाही?

वादात तिघे होते. एक निवृत्त टर्नर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. दुसरे एका पतसंस्थेतील कारकून. तिसरा विनाअनुदानित शाळेवरचा तरुण शिक्षक, ज्याच्याजवळ या कंपनीचा एकही शेअर नव्हता आणि म्हणूनच ज्याला सर्वांत जास्त उत्साह होता. "दोन रुपयांवरून आठवर आला. आता आणखी पडून पडून किती पडणार?" हा त्याचा मुद्दा. "माणूस गेला, कंपनीही जाईल," हा कारकुनांचा. अण्णा गप्प होते. शेवटी कोणीतरी म्हणाले, "सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता ना? मग तुम्हीच सांगा." मी सांगितले : नवे पैसे घालू नका. ते का सांगितले, आणि पुढे काय झाले, हे जरा तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

प्रथम कंपनीचा इतिहास. तांती यांचा मूळ धंदा कापडाचा. विजेचा खर्च आणि तिचा लहरीपणा यांनी त्रासून त्यांनी आपल्या कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि त्या अनुभवातून १९९५ साली पवनचक्क्यांचाच धंदा काढला. साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावर किंवा साक्रीच्या बाजूने धुळे जिल्ह्यात ज्यांनी प्रवास केला असेल त्यांनी त्या पांढऱ्या पात्यांची रांग पाहिलेली आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये हिचे शेअर बाजारात आले ते ५१० रुपयांना. जानेवारी २००८ मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच शेअर करण्यात आले, आणि त्या विभागलेल्या शेअरचा भावही त्याच महिन्यात ४६० रुपयांच्या घरात पोहोचला. त्या काळात कंपनीने बेल्जियममधील गिअरबॉक्सची हॅन्सन आणि जर्मनीतील आरईपॉवर या कंपन्या घेतल्या होत्या, त्याही मुख्यतः कर्ज काढून. पुढे अमेरिकेत तिच्या पात्यांना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या, २००८ चे जागतिक संकट आले, मागणी आटली आणि कर्ज मात्र राहिले. ऑक्टोबर २०१२ मध्ये परकीय चलनातील रोख्यांचे सुमारे २० कोटी ९० लाख डॉलर कंपनीला फेडता आले नाहीत. जर्मन कंपनी २०१५ साली एक अब्ज युरोला विकावी लागली. त्याच वर्षी सन फार्माचे दिलीप संघवी यांनी १८ रुपये भावाने १,८०० कोटी रुपये घातले, तेव्हा छोट्या गुंतवणूकदारांना वाटले की जाणता माणूस आला म्हणजे आता भीती नाही. जुलै २०१९ मध्ये पुन्हा रोखे थकले. मार्च २०२० मध्ये भाव दोन रुपयांच्याही खाली गेला.

आता अण्णांचा हिशेब. तो त्यांनी मला एका जुन्या डायरीतून दाखविला. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेतून जानेवारी २००८ मध्ये ४०० रुपयांनी २०० शेअर : ८० हजार रुपये. भाव पडला म्हणून २०१० मध्ये ६० रुपयांनी आणखी ५०० : तीस हजार. संघवी आले म्हणून २०१५ मध्ये वीस रुपयांनी एक हजार : वीस हजार. एकूण १,७०० शेअर, एकूण गुंतवणूक १ लाख ३० हजार. मार्च २०२० मध्ये या सर्वांची किंमत साडेतीन हजारसुद्धा भरत नव्हती. बाजारात याला 'ॲव्हरेज करणे' असा भारदस्त शब्द आहे. पडत्या भावात आणखी शेअर घ्यायचे आणि सरासरी खरेदी किंमत खाली आणायची. गणिती दृष्ट्या सरासरी खाली येते यात शंका नाही. फक्त सरासरी खाली आल्याने कंपनीचे कर्ज खाली येत नाही, ही गोष्ट डायरीत कोठे लिहिलेली नसते.

शिक्षकाचा जो मुद्दा, म्हणजे आता पडून पडून किती पडणार, तो आकर्षक आहे आणि तितकाच फसवा आहे. चारशे रुपयांवरून दोन रुपयांवर आलेला शेअर साडेनव्व्याण्णव टक्के पडलेला असतो. तो तेथून एक रुपयावर आला तर दोन रुपयांना घेणाऱ्याचे पन्नास टक्के जातात. म्हणजे चारशेला घेणाऱ्याने जे भोगले त्याचा अर्धा भाग एका रुपयाच्या घसरणीत भोगावा लागतो. टक्केवारीला मागची उंची ठाऊक नसते. आपण मात्र डोळ्यांसमोर चारशेचा आकडा ठेवून दोन रुपयांकडे पाहतो आणि त्याला स्वस्त म्हणतो.

'स्वस्त' हा शब्दच येथे सर्वांत जास्त नुकसान करतो. सातपूरच्याच एका कारखान्याचे उदाहरण घेऊ. ज्याला जुनी माणसे आजही 'मायको' म्हणतात, त्या कंपनीचे नाव २००८ पासून बॉश लिमिटेड आहे. तिचा एक शेअर २०२४ मध्ये तीस हजार रुपयांच्या पलीकडे गेला होता. टपरीवरचा कोणीही म्हणेल, हा महाग, तो स्वस्त. पण बॉशचे एकूण शेअर तीन कोटींहूनही थोडे कमी आहेत. सुझलॉनचे १,३६० कोटींच्या आसपास. एका भाकरीचे चार तुकडे केले काय आणि चारशे केले काय, भाकरी तेवढीच राहते. तुकड्याची किंमत पाहून भाकरी महाग की स्वस्त हे ठरविता येत नाही. त्यासाठी एकूण भाकरीची किंमत आणि ती किती जणांचे पोट भरते हे पाहावे लागते. पंचवीस हजार रुपयांत बॉशचा एक शेअरही येत नाही आणि दोन रुपयांचे साडेबारा हजार शेअर येतात, हे पाहून माणसाला श्रीमंत झाल्यासारखे वाटते. यात त्याचा दोष नाही, मनुष्यस्वभाव आहे. आणि या मनुष्यस्वभावावर कितीतरी जणांचे संसार चालतात.

कारकुनांच्या निराशेला वेगळे कारण होते. जून २०२१ मध्ये त्यांनी दिवाण हाउसिंग फायनान्स या मुंबईच्या गृहकर्ज कंपनीचे दोन हजार शेअर वीस रुपयांच्या भावाने घेतले होते. ही कंपनी २०१९ मध्ये बुडीत निघाली. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले आणि प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे गेले. पुढे पिरामल समूहाने ती घेण्याची योजना मांडली आणि ७ जून २०२१ रोजी न्यायाधिकरणाने तिला मान्यता दिली. बातमी आली तसा शेअर वर गेला. एवढा मोठा समूह कंपनी घेतो आहे, म्हणजे कंपनी वाचली. कंपनी वाचली, म्हणजे शेअर वाढणार. कारकुनांनी हाच विचार केला आणि त्यांच्यासारख्या हजारोंनीही. पहिले विधान खरे होते. दुसरे खोटे. मंजूर योजनेत जुन्या समभागांची किंमत शून्य धरलेली होती. त्याच महिन्यात व्यवहार थांबले. शेवटचा भाव १६ रुपये ७० पैसे होता आणि तेथून तो थेट शून्यावर गेला, मध्ये एकही पायरी लागली नाही. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) मातीत वाढलेल्या व्हिडिओकॉनच्या भागधारकांनाही त्याच जून महिन्यात हेच ऐकावे लागले.

कंपनी जगते आणि शेअर मरतो, हे कसे? शेअर म्हणजे कंपनीची मालकी, असे आपण विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला शिकवितो. ते अपुरे आहे. शेअर म्हणजे इतर सर्वांचे देणे भागविल्यावर जे उरेल त्याची मालकी. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये ही रांग लिहून ठेवलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणावर कर्ज देणारे आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांचे दोन वर्षांचे देणे, मग इतर कर्मचारी, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकार, असे करीत करीत सर्वांत शेवटी समभागधारक. दिवाण हाउसिंगकडे घेणेकऱ्यांची मागणी सुमारे ८७ हजार कोटींची होती आणि पिरामलने देऊ केले सुमारे ३४ हजार कोटी. जेथे पहिल्या पंगतीलाच अन्न पुरले नाही तेथे शेवटच्या पंगतीचे पान मांडण्याचा प्रश्नच नव्हता. हे सारे न्यायाधिकरणाच्या आदेशात आणि कंपनीच्या निवेदनात होते. मात्र ते इंग्रजीत होते, अनेक पानांचे होते, आणि मोबाइलवर आलेला संदेश एका ओळीचा होता.

म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये मी 'नको' म्हटले. सुझलॉनवरचे कर्ज २०२० मध्ये बँकांनी पुनर्रचित केले होते. काही भागाचे रोखे झाले, काही भागाचे शेअर. कंपनी नफ्यात येऊ लागली होती. पण संस्थापक गेलेला, धंदा सरकारी धोरणावर अवलंबून, आणि बँकांनी एकदा वाचविले म्हणजे दुसऱ्यांदा वाचवतील असे नाही. शिक्षकाला मी म्हटले, "तुमच्या पगाराला सहा सहा महिने उशीर होतो. तुम्ही यात पडू नका."

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. हक्कभागांना दुप्पटीच्या जवळपास मागणी आली. ऑगस्ट २०२३ मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून कंपनीने साडेसतरा रुपयांच्या भावाने २,००० कोटी उभे केले आणि कर्ज जवळजवळ फेडून टाकले. सप्टेंबर २०२४ मध्ये भाव ८६ रुपयांवर पोहोचला. पाच रुपयांचे दोन वर्षांत सतरा पट. माझा सल्ला ऐकणाऱ्याचे नुकसान झाले, न ऐकणाऱ्याचा फायदा झाला. त्यानंतरचे काही महिने मी त्या टपरीवर चहा घेण्याचे टाळले हे कबूल केले पाहिजे.

पण अण्णांची डायरी पुन्हा उघडू. त्यांनी माझे न ऐकता हक्काचे ४०४ शेअर घेतले, २,०२० रुपयांत. एकूण शेअर झाले २,१०४, एकूण गुंतवणूक १ लाख ३२ हजार. ८६ च्या भावाने त्यांची किंमत झाली सुमारे १ लाख ८१ हजार. साडेसोळा वर्षांनी एकोणपन्नास हजारांचा नफा, तोही शिखरावर विकले असते तर. त्यांनी विकले नाहीत, आणि मार्च २०२५ मध्ये भाव पुन्हा साठ रुपयांच्या खाली होता, म्हणजे त्यांच्या सरासरी किमतीच्याही खाली. जानेवारी २००८ चे ते पहिले ऐंशी हजारच त्यांनी सात टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले असते तर सप्टेंबर २०२४ पर्यंत त्यांचे जवळजवळ अडीच लाख झाले असते. पन्नास पट वाढलेल्या शेअरची ही कहाणी आहे, हे लक्षात घ्यावे. २००५ मध्ये ५१० रुपयांना घेऊन स्वस्थ बसलेल्या भागधारकाची स्थिती अशीच होती. विभागणीनंतर त्याचा शेअर १०२ रुपयांना पडतो, आणि एकोणीस वर्षांनंतरच्या शिखरावरही तो, मधला किरकोळ लाभांश सोडला तर, तोट्यातच होता.

आणि येथे एक गंमत आहे, जी मी वर्गात मुद्दाम फळ्यावर मांडून दाखवितो. २००८ च्या शिखरावर कंपनीचे सुमारे १५० कोटी शेअर होते. ४६० ने गुणले तर तिचे बाजारमूल्य ६९ हजार कोटी होते. २०२४ च्या शिखरावर १,३६० कोटी शेअरना ८६ ने गुणले तर ते १ लाख १७ हजार कोटी होते. म्हणजे बाजाराच्या मते कंपनी २००८ पेक्षा दीडपटीहून अधिक मोलाची झाली. आणि जुन्या भागधारकाचा शेअर मात्र पाचव्या हिश्श्यावरही नव्हता. मधल्या सोळा वर्षांत कर्ज भागविण्यासाठी दर वेळी नवे शेअर काढले गेले आणि भाकरीचे तुकडे नऊपट झाले. कंपनी सावरली ती या नव्या पैशावर. ज्यांनी अगदी शेवटी पैसा घातला त्यांना त्याचे फळ मिळाले, ज्यांनी आधी घातला होता त्यांचा वाटा पातळ झाला. यात फसवणूक नाही, बेकायदेशीर काही नाही. पण 'धीर धरला की मिळते' हे जे वचन टपरीवर वारंवार ऐकू येते त्याचा या हिशेबाशी मेळ बसत नाही.

८६ रुपयांना घेणाऱ्यांविषयीही दोन शब्द. २०२३-२४ या वर्षी कंपनीचा नफा होता सुमारे ६६० कोटी. १ लाख १७ हजार कोटींना भागले तर पावणेदोनशे येतात. त्या वर्षीच्या नफ्याच्या पावणेदोनशे पट किंमत त्या खरेदीदाराने मोजली होती. पुढच्या वर्षी नफा बराच वाढला ही गोष्ट खरी. तरीही कंपनीच्या पन्नास लाखांहून अधिक छोट्या भागधारकांपैकी किती जण दोन रुपयांच्या सुमारास आले आणि किती जण साठ, सत्तर, ऐंशी रुपयांना आले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. दोन रुपयांच्या वेळी टपरीवर फक्त अण्णा बसत. ऐंशीच्या वेळी बाकावर जागा मिळत नव्हती.

केन्सने १९३६ साली आपल्या ग्रंथात शेअरबाजाराची तुलना वृत्तपत्रातील एका सौंदर्यस्पर्धेशी केली होती. बक्षीस सर्वांत सुंदर चेहरा निवडणाऱ्याला नसते. इतर वाचक कोणता चेहरा निवडतील हे ओळखणाऱ्याला असते. मग प्रत्येक जण इतरांच्या मनाचा अंदाज घेऊ लागतो आणि चेहऱ्याकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. मोठ्या कंपन्यांबाबत निदान काही जण चेहरा पाहत असतात. त्यांचे अहवाल तपासणारे विश्लेषक असतात, विमा कंपन्या असतात, म्युच्युअल फंड असतात. अगदी लहान शेअरमध्ये हे कोणी नसते. तेथे थोडी खरेदी भाव उंच नेते आणि थोडी विक्री तो पाडते. २०२२ मध्ये साधना ब्रॉडकास्ट नावाच्या एका लहान कंपनीबाबत हेच घडल्याचे सेबीच्या मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशात नमूद आहे. कंपनीविषयी खोटी माहिती देणाऱ्या चित्रफिती प्रसारित करण्यात आल्या, आणि काही महिन्यांत छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली. भाव चढले तेव्हा विकणारे, सेबीच्या म्हणण्यानुसार, प्रवर्तक आणि त्यांच्या संबंधातलेच लोक होते. आपण स्वस्तात घेतो आहोत असे ज्याला वाटते त्याने एकदा तरी विचारावे की ही इतकी चांगली वस्तू मला कोण विकतो आहे, आणि का? आणि भाव कोसळू लागला की दररोज 'लोअर सर्किट' लागते. विकणारे लाखो, घेणारा एकही नाही. कागदावर भाव दिसतो, पण त्या भावाला गिऱ्हाईक नसते.

मुंबईला हा खेळ नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा आला तेव्हा, १८६५ पर्यंत, बॅकबे भरावाच्या कंपनीच्या शेअरसाठी वकील, कारकून आणि व्यापारी सारखेच वेडे झाले होते. युद्ध संपले आणि प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजाही कोसळला. त्या काळी निदान समुद्र बुजवून जमीन होणार होती. पुढे न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मटका निघाला, त्यात तर कापूसही नव्हता. शेअर म्हणजे मटका नव्हे, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो; शेअरच्या मागे कारखाना असतो, कामगार असतात, वीज तयार होते. पण जो माणूस कारखान्याकडे न पाहता फक्त आकड्याकडे पाहतो त्याच्यापुरता तो फरक नाहीसा होतो.

या लोकांना लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अग्रलेखांतून तसे अनेकदा म्हटले जाते. पण पहा : १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत आलेल्या शिक्षकाला आणि कारकुनाला जुनी पेन्शन राहिली नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर आठवडाभर संप झाला. कारखान्यातील कामगाराची स्थिती याहून बिकट. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन ठरविण्यात आले ते दरमहा एक हजार रुपये. २०२० साली स्टेट बँकेच्या दीर्घ मुदतीच्या ठेवीवर साडेपाच टक्क्यांच्या आतच व्याज मिळत होते आणि महागाई सहा टक्क्यांच्या वर होती. बँकेत ठेवलेला पैसा दरवर्षी थोडा थोडा विरघळत होता. पतसंस्थांचे अनुभव नाशिक जिल्ह्याला चांगले ठाऊक आहेत, आणि २०१४ साली याच शहरात केबीसी नावाच्या योजनेत अनेकांची आयुष्यभराची पुंजी गेली. या सर्वांतून पोळलेल्या माणसाला निदान सेबीच्या देखरेखीखालचा शेअर बाजार अधिक विश्वासाचा वाटला तर त्यात वावगे काय? देशातील डीमॅट खाती मार्च २०२० मध्ये सुमारे चार कोटी होती, ती मार्च २०२५ मध्ये १९ कोटींच्या वर गेली. ती सगळीच लोभाने उघडली गेली असे म्हणणे अर्थशास्त्र नव्हे.

मात्र नियमांच्या देखरेखीचा अर्थही समजून घेतला पाहिजे. सेबी खोटे बोलणाऱ्याला शिक्षा करू शकते. वाईट धंदा चांगला करू शकत नाही. शेअरचा भाव योग्य आहे की नाही हे सांगणे तिचे काम नाही. १९९२ पूर्वी केंद्र सरकारचा भांडवल नियंत्रक नव्या शेअरची किंमत ठरवीत असे. अर्जाचे छापील नमुने घेण्यासाठी दलालांच्या कचेरीत रांगा लागत, आणि शेअर लागला म्हणजे लॉटरी लागली असे समजले जाई, कारण सरकारने किंमत मुद्दामच कमी ठेवलेली असे. ते पद रद्द झाले, पण सरकारने मंजूर केले म्हणजे सुरक्षित, ही त्या काळातील समजूत घराघरांत शिल्लक राहिली आहे. अण्णांच्या पिढीने शेअर बाजार पाहिला तो त्या दिवसांत.

आणखी एक गोष्ट, जी अण्णांमुळेच माझ्या लक्षात आली. कंपन्यांनी आपले आर्थिक निकाल वृत्तपत्रांत छापावेत, एका इंग्रजी दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात, असा नियम २०२४ पर्यंत होता. सुझलॉनचे मुख्य कार्यालय पुण्यात हडपसरला, तिच्या कितीतरी पवनचक्क्या आपल्या धुळे-सातारा-सांगलीत. पण नियमातील प्रादेशिक भाषा म्हणजे जेथे कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय असेल तेथील भाषा. सुझलॉनचे नोंदणीकृत कार्यालय अहमदाबादला आहे. त्यामुळे सतरा वर्षे शेअर सांभाळणाऱ्या सातपूरच्या या भागधारकाला कंपनीची अधिकृत आकडेवारी वाचायची तर इंग्रजी यायला हवे होते किंवा गुजराती. अण्णांना दोन्ही येत नाहीत. ते डायरी घेऊन टपरीवर येतात, भाव विचारतात आणि खाली लिहून ठेवतात.